आठव्या फर्म्यातला बगळा

३ सप्टेंबर

ठकू,

तुझ्या मुलीचं पत्र आज ग्रंथालयाच्या पत्त्यावर आलं. दुरुस्ती विभागाला पत्रं येत नाहीत. फाटकी पुस्तकं येतात. त्यामुळे ग्रंथपालबाई स्वतः पाकीट घेऊन खाली आल्या आणि मी ते उघडायची वाट बघत उभ्या राहिल्या. मी उघडलं नाही. मग गेल्या.

आत तिचं अक्षर. बाहेर, पाकिटावर, तुझं. 'तळमजला' मधला ळ अजून तसाच, दुसरा वेढा अर्धा सोडलेला. बारा वर्षांत तुझ्याकडून आलेलं तेवढंच.

तिचं पत्र उतरवतो. तू वाचलं नसशील तर कळेल. वाचलं असशील तर मीही वाचलं हे कळेल.

'मामा, तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमची भाची, दहा वर्षं पूर्ण. आमच्या वर्गात आवडतं पुस्तक आणून आवडता प्रसंग वाचायचा आहे. मी चढती नदी घेतलंय. पाचही भाग माझे दोनदा वाचून झालेत. पण बगळा एका पायावर उभा राहून खरं बोलतो तो प्रसंग कुठेच नाही. मी तो वर्गात आधीच सांगून बसले. बाई म्हणाल्या, असं काही त्यात नाही. आता सगळे मला थापाडी म्हणतात. एक जण तर मी दिसले की एका पायावर उभा राहतो. आई म्हणते, आहे म्हणजे आहे, नव्या आवृत्तीत गाळला असेल. आई म्हणते, तुम्ही पुस्तकांचे डॉक्टर आहात, तुम्हाला जुनी प्रत मिळेल. २८ तारखेच्या आत पाठवाल का? मी सगळ्यांसमोर पान उघडून दाखवणार आहे. मग बघू.'

'आई म्हणते' दोनदा. मोजलं. म्हणजे मी तुमच्या घरात बोलण्यात येतो. की नुसता डॉक्टर येतो?

मी लगेच कार्ड टाकलं. 'शोधतो आहे. मामा.'

तुला लिहायला बसलो तर हातांनी सवयीने चार ताव काढले, मधोमध दुमडले, एकात एक घातले. आठ पानं, सोळा पृष्ठं. आम्ही याला फर्मा म्हणतो. असे फर्मे एकापुढे एक शिवले की पुस्तक होतं. त्याच्या पहिल्या पृष्ठावर हे लिहितो आहे. साधा कागद आणायला उठायला हवं होतं. उठलो. खिडकी उघडली, लावली, परत बसलो.

जुनी प्रत मिळणं अवघड आहे. फार जुनी छपाई. पोरीला आशा लावू नकोस.

दादा


५ सप्टेंबर

ठकू,

वरचं टाकलं नाही. शेवटच्या तीन वाक्यांतलं एकच खरं आहे. छपाई जुनी आहे.

प्रत माझ्यासमोर आहे. पस्तीस वर्षं माझ्याकडेच आहे. तुला मी सांगितलं होतं की तिसरा भाग माझ्या मित्राने वाचायला नेला आणि त्याच्या वडिलांची बदली झाली. तू दोन दिवस रडलीस. मग विचारलंस, मित्र दिसतो कसा. मी म्हटलं, चष्मा आहे, एक काडी दोऱ्याने बांधलेली. पुढे कितीतरी दिवस तू रस्त्यात दोऱ्याची काडी शोधत होतीस. मित्र नव्हता. पुस्तक आईच्या शिलाई यंत्राच्या पेटीमागे होतं.

का लपवलं, ते आज लिहायला बसलो होतो. जमत नाही. दुसरं लिहितो.

पाचही भाग आज काढून टेबलावर मांडले. माझे जुने चार आणि तो तिसरा. पहिला उघडल्याबरोबर बरण्यावाली निघाली. आठवते? समुद्राकडून डोंगराकडे चढत जाणारी नदी, तिच्या पहिल्याच धक्क्यावर बसलेली. तिच्या बरण्यांत हाका असतात. संध्याकाळी खेळणाऱ्या पोरांना घरी बोलावणाऱ्या आयांच्या. ज्यांना घर उरलं नाही ते येतात, झाकण उघडतात, एकदा ऐकतात, लावतात. होडीतून डोंगराकडे निघालेली मिठाची पोर विचारते, 'माझी आहे?' आणि बरण्यावाली म्हणते, 'तुझी अजून हवेत आहे.' तू स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांना कान लावून आलीस. आई म्हणाली, 'डाळ काय म्हणते?' तू म्हणालीस, 'गप्प आहे.'

दुसऱ्यातला वर पडणारा धबधबा. मासे खालून वर कोसळतात आणि तिचा होडीवाला छत्री उलटी धरतो, पायांखाली.

चौथ्यातलं मात्र तुला ऐकवत नसे. मिठाच्या पोरीचा डावा हात मिठाचा, पाणी लागता कामा नये, हे पहिल्या पानापासून आपल्याला माहीत असतं. होडीवाला पाण्यात पडतो. उजव्या हातात सुकाणू आहे. ती डावा हात घालते. पुस्तकात तिथे एकच वाक्य आहे, 'तिथली नदी अजून खारी आहे.' तू कानांत बोटं घालायचीस आणि ओठ बघायचीस, म्हणजे झालं की कळेल. मला तेच सगळ्यात आवडायचं. ते वाचताना माझा आवाज बदलतो हे मला माहीत होतं.

आणि पाचवा. नदी चढत चढत शिखरावर जाते आणि तिथे ओंजळभर उरते. वाटसरू येतो, पितो, जातो. तू पुस्तक माझ्या हातातून ओढलंस. 'इतकंच? एवढ्यासाठी आलो?'

तिसऱ्यातलं काहीच लिहिलं नाही. दिसलंच असेल तुला.

दादा


९ सप्टेंबर

ठकू,

तिसऱ्या भागात ११२ नंतर १२९ पृष्ठ येतं.

बांधणाऱ्याने जुळणी करताना आठवा फर्मा घातलाच नाही. पुस्तक नवं असतानाच तसं होतं. आमच्या धंद्यातली नेहमीची चूक आहे. ढिगातून ओळीने एकेक फर्मा उचलत जायचं असतं. कोणीतरी हाक मारतं, आपण मान वळवतो, हात पुढच्या ढिगावर पडतो.

मी अकरा वर्षांचा, तू पाच. तू माझ्या मांडीला टेकून, आई दारात भाजी निवडत. ११२ व्या पृष्ठाची शेवटची ओळ अशी होती, 'बगळ्याने मान वर केली आणि'. मी पान उलटलं. समोर, 'भोक बुजलं होतं. होडीवाल्याने हात पुसले.'

तू म्हणालीस, 'आणि?'

मला थांबता आलं असतं. पानं नाहीत म्हणायचं, संपलं. पण तू 'आणि?' म्हणालीस आणि मी पुस्तकात बघत म्हणालो, 'आणि एक पाय उचलला.'

पुढचं सगळं मी बोलत गेलो. तो प्रसंग नव्या आवृत्तीत गाळलेला नाही. तो कधी नव्हताच. तो माझा आहे.

जेवढा आठवतो तेवढा लिहितो. नदीला दोन फाटे फुटतात. तिथे चिखलात एक बगळा उभा असतो, सगळ्यांना चुकीची वाट सांगणारा. मिठाची पोर विचारते, 'डोंगर कुठे?' तो म्हणतो, 'डावीकडे.' ती निघते. मग थांबते. म्हणते, 'एक पाय उचल आणि परत सांग.' बगळा पाय उचलतो. 'उजवीकडे,' तो म्हणतो. 'आता का खरं बोललास?' 'दोन पायांवर असलं की पळता येतं,' बगळा म्हणतो. 'एका पायावर पळता येत नाही. मग खोटं बोलून करायचं काय?' ती म्हणते, 'मग अजून तीन प्रश्न विचारते.' पहिला, माशांना तुझी भीती वाटते का? बगळा म्हणतो, 'ज्यांना वाटते ते उरतात.' दुसरा, तू एकटा का? 'सगळ्यांना चुकीची वाट सांगितली.' आणि तिसरा, माझा हात डोंगरापर्यंत टिकेल का?

तू तेव्हा ळ म्हणू शकत नव्हतीस. 'बगला काय म्हनाला?'

त्याच्यानंतर घरात हा कायदाच झाला. कप कुणी फोडला? एका पायावर सांग. पोटात खरंच दुखतंय? एका पायावर सांग. बाबासुद्धा एकदा भिंतीला धरून उभे राहिले होते. सहाव्या वर्षी तू घडाघडा वाचायला लागलीस आणि सगळ्यात आधी तिसरा भाग मागितलास. तेव्हा मी तो पेटीमागे टाकला.

आज आमच्या ग्रंथालयातली धड प्रत काढून खरी सोळा पृष्ठं वाचली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. 'बगळ्याने मान वर केली आणि तो उडून गेला.' झालं. बगळा संपला. मग होडीला भोक पडतं आणि ते दोघं ते बुजवतात. नुसत्या डांबराला दीड पृष्ठ.

तुझी पोर खरं बोलतेय आणि थापाडी ठरतेय. हे माझ्यामुळे. पण २८ तारीख अजून लांब आहे, आणि मला एक करता येतं.

दादा


१४ सप्टेंबर

ठकू,

काय करता येतं ते तुझ्या लक्षात आलं असेल.

तळमजल्यावर मागच्या खोलीत एक हाताने दाबायचं छपाईयंत्र आहे आणि शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या अक्षरांच्या, पेट्या. पूर्वी पुस्तकांवरच्या चिठ्ठ्या त्यावर छापत. अक्षराचं वळण 'चढती नदी'च्या छपाईच्या इतकं जवळचं आहे की मी दोनदा भिंग लावलं. जुना कागदही आहे. रद्द झालेल्या पुस्तकांचे कोरे ताव आम्ही ठिगळांसाठी जपून ठेवतो. एक एक पृष्ठ जुळवायचं, छापायचं, खिळे सोडवायचे, पुढचं जुळवायचं. सोळा पृष्ठं. शिवायची. ११२ च्या पुढे ११३ येईल. पोर वर्गात पान उघडेल.

चार दिवस तेच करतो आहे. दुपारची सुट्टी, सुट्टीनंतरचा तास, काल रविवार पूर्ण. जेवण उभ्याने. सारखा हात धुतो आणि सारखं शिसं लागतं.

अडलं कशावर, सांगू? ळ वर. पेटीत ळ नऊ आहेत. पहिल्या पृष्ठाला अकरा लागले. बगळा, बगळा, बगळा, डोळे, आभाळ, जवळ. मी दोन बगळे काढले आणि 'तो' घातला. दुसऱ्या पृष्ठाला चौदा. तिथे 'पांढरा पक्षी' केला, 'आभाळ' काढून 'वर' लिहिलं. तिसऱ्यापर्यंत बगळा जवळजवळ बोलायचाच बंद झाला. एकदा वाटलं, तुझ्यासारखं 'बगला' छापून टाकावं. हसू आलं. एकटा हसलो, तर दारात ग्रंथपालबाई.

मी कागद चहाच्या पाण्यात बुडवत होतो. कडा पिवळ्या करायला.

'चहा पितात,' बाई म्हणाल्या. 'धुवत नाहीत.'

'जुन्या पानांची दुरुस्ती आहे.'

'कुणाचं पुस्तक?'

'घरचं.'

'घरच्या पुस्तकाला सरकारी शिसं?' पण त्या रागावल्या नव्हत्या. दोरीवर वाळत घातलेलं पहिलं पृष्ठ त्यांनी काढून हातात घेतलं. वाचलं. एखादा शब्द चुकला असला तर बरं, असं वाटलं, आणि चुकला नसला तरीही.

'काय सुरेख छापायचे तेव्हा,' त्या म्हणाल्या. 'चढती नदी ना? माझी पारायणं झाली आहेत लहानपणी. हा बगळा मात्र आठवत नाही मला.'

मी पुढचा ताव चहात बुडवला.

त्यांनी परत वाचलं. चष्मा वर केला, खाली केला. चेहरा हळूहळू उजळत गेला.

'नाही, आठवतो. आठवतो की! एका पायावर. आमचा भाऊ नक्कल करायचा याची.'

कागद दोरीवर लावून त्या गेल्या. हसत गेल्या, ठकू. त्यांना भाऊ आहे की नाही मला माहीत नाही. पण त्या भावाला मी आत्ताच एका पायावर उभं केलं होतं.

त्यानंतर खिळा उचलला नाही. दोन पृष्ठं छापून झाली आहेत, उत्तम झाली आहेत. तिसरं अर्धं जुळलेलं आहे. टेबलाभोवती फिरतो. कुलूप लावतो, परत उघडून बघतो.

दादा


१९ सप्टेंबर

ठकू,

आता बारा वर्षांपूर्वीच्या फोनचं लिहितो. तू विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नव्हतं.

तुझं जहाज दोन दिवस बंदरात होतं. समुद्राची खोली मोजायचं तुझं पहिलंच काम. पुढे पाच आठवडे किनारा नाही. तू विचारलंस, 'दादा, आई कशी आहे? मी इथे उतरू शकते. साहेबांशी बोलून ठेवलंय.'

मी म्हटलं, 'बरी आहे. खोकला आहे थोडा.'

तू म्हणालीस, 'एका पायावर सांग.'

आपण दोघं हसलो. तू अठ्ठावीस वर्षांची, मी चौतिसाचा.

'उभा आहे,' मी म्हटलं. 'उतरू नकोस.'

जहाज सुटलं. आई अकराव्या दिवशी गेली. तू आलीस तेव्हा खाटेवरची गादीसुद्धा गुंडाळली होती. दारात बूट न काढता तू एवढंच विचारलंस, 'तू उभा होतास?' मी खाली बघितलं. तू चहासुद्धा न घेता गेलीस. नाव तुझं ठकू, पण ठकवणारा मी.

तर उत्तर. होतो. बोळातल्या भिंतीला डावा हात लावून, उजवा पाय उचलून, खरोखर उभा होतो. तू बघत नव्हतीस. तरी उचलला. आणि डॉक्टरांनी त्याच सकाळी सांगितलेलं असताना, 'पंधरा दिवस, फार तर,' म्हणून सांगितलेलं असताना, बोललो.

का, हे मी बारा वर्षं स्वतःला सांगतो आहे की तुझं पहिलं काम, तुझी उमेद. ते दुसऱ्यांना सांगायला बरं आहे. तू आली असतीस तर आई तुझ्याशी बोलली असती. तुझ्याकडे बघत, तुझा हात धरून. मी दारात उभा राहून ऐकणारा झालो असतो. त्या घरात वाचून दाखवणारा मी होतो, ठकू. सगळं माझ्या तोंडून यायचं.

हे लिहिलं आणि उठून तीन वेळा हात धुतले. शिसं कधीच गेलंय.

दादा


२२ सप्टेंबर

ठकू,

अजून एक राहिलं. हे तुला माहीत नाही. कुणालाच नाही.

आई रोज विचारायची, 'ठकूचा फोन?' जहाजावरून फोन लागत नाही हे तिला कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, 'आला होता. तू झोपली होतीस.' तिचा चेहरा इतका हलका झाला की दुसऱ्या दिवशीही आला. मग रोजच येऊ लागला. तू काय म्हणालीस ते मी सांगायचो. समुद्र कुठे किती खोल निघाला. तुझ्या केबिनची खिडकी गोल आहे. एकदा सुचेना, तर सांगितलं की पाऊस पडावा तसे मासे जहाजावर पडतात, खालून वर. आणि तुमचे साहेब छत्री पायांखाली धरतात.

आई डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, 'पान उलटत नाहीयेस.'

मला कळलं नाही. मी विचारलं, 'काय?'

'तेव्हासुद्धा उलटत नव्हतास. बगळ्याच्या वेळी. मी भाजी निवडत होते. अर्धा तास बोललास आणि एक पान उलटलं नाहीस.'

बारा वर्षांपूर्वी ती हे म्हणाली तेव्हा बगळ्याला तेवीस वर्षं झाली होती. एवढी वर्षं तिने बाबांना एका पायावर उभं राहू दिलं. स्वतःही राहिली.

मी खाटेवरून उठलो. ती म्हणाली, 'बस, बस. पुढे काय म्हणाली माझी पोर?'

मी बसलो. पुढचं सांगितलं.

तेव्हा तरी तुला कसंही करून कळवायला हवं होतं. जहाजाला बिनतारी संदेश जातो, हे मला माहीत होतं. कंपनीचा नंबर तूच लिहून दिला होतास. आईच्या शिलाई यंत्राच्या पेटीवर चिकटवलेला होता. मागे तिसरा भाग, वर नंबर. फोन उचलायला उठलो की आई विचारायची, 'ठकूचा का?' आणि मी म्हणायचो, 'हो.'

ती गेली तेव्हा तुझ्या आवाजातलं एक वाक्य ऐकत गेली, जे तू कधी बोलली नव्हतीस. ते काय होतं हे विचारशील तर सांगेन. विचारलं नाहीस तर बरं.

दादा


२४ सप्टेंबर

ठकू,

हे पंधरावं पृष्ठ. अक्षर बारीक करतो आहे.

छापलेली दोन्ही पृष्ठं सकाळी भिजत घातली. लगदा झाला. तिसऱ्याचे खिळे सोडवून पेटीतल्या आपापल्या घरात लावले. नऊच्या नऊ ळ जागेवर आहेत. ग्रंथपालबाईंना सांगितलं की तो बगळा पुस्तकात नाही, मी रचलेला आहे. म्हणाल्या, 'मग आमचा भाऊ कसली नक्कल करायचा?' मी म्हटलं, 'ते त्यांनाच विचारा.' 'विचारायला हवं,' म्हणाल्या. 'खूप दिवसांत बोलणं नाही.'

तिसऱ्या भागाची शिलाई उसवून ठेवली आहे. सातवा फर्मा, नववा फर्मा, आणि मधली जागा. या पत्रांचा कागद मी ३ तारखेला न ठरवता दुमडला, तो मापाला बरोबर बसतो. शाई वाळली की हीच पानं तिथे शिवतो. आज शिवलं, उद्या टपालात पडलं, तर २८ च्या आत मिळेल.

भाचीबाईंसाठी: पृष्ठ ११८ उघड. बगळा तिथे आहे. हाताने लिहिलेला आहे, हे सगळ्यांना दिसू दे. बाईंना सांग की थाप तुझी नाही आणि तुझ्या आईचीही नाही. तुझ्या मामाची आहे, पस्तीस वर्षं जुनी. पटलं नाही तर त्यांना माझा पत्ता दे. आणि तो जो एका पायावर उभा राहतो त्याला एखादा प्रश्न विचार. उत्तर देईपर्यंत पाय खाली ठेवू देऊ नकोस.

ठकू, बाकीची पानं तिला द्यायची की नाहीत ते तू ठरव. हा फर्मा मी वेगळ्या दोऱ्याने शिवणार आहे. मधल्या घडीत, खालून दुसऱ्या भोकापाशी सैल गाठ असेल. ती ओढलीस की हा एकटाच सुटून हातात येईल. बाकी पुस्तकाला धक्का लागणार नाही. म्हणजे होतं तसं होईल.

एकच विचारायचं आहे. मिठाच्या पोरीने तिसरा प्रश्न विचारला, माझा हात डोंगरापर्यंत टिकेल का. बगळ्याने काय सांगितलं? पुढे चौथ्या भागात काय होतं ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं. तो अजून वाचलाच नव्हता. मी काहीतरी बोललो आणि तू माझ्या मांडीवरून उठून आईकडे धावलीस. हसत की रडत, तेसुद्धा आठवत नाही. तीन आठवडे आठवतो आहे. रचता येईल. रचायचं नाही.

एका पायावर सांगतो असं आता म्हणता येत नाही. दोन्ही जमिनीवर आहेत.

तुला आठवत असेल. १२८ वं पृष्ठ कोरं ठेवलं आहे. त्याच्या पुढे, १२९ वर, भोक बुजलेलं आहे.

दादा